उंबरठ्याशी अडलेला कायदा

15 जून 2017 रोजी केंद्र सरकारने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालचे नियम राजपत्रात प्रसिद्ध केले. मूळ कायद्याचे 45 वे कलम सांगते की, नियम आल्यापासून पाच वर्षांच्या आत देशातली प्रत्येक जुनी सार्वजनिक इमारत अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी झाली पाहिजे. म्हणजे जून 2022 पर्यंत. 46 वे कलम सेवा देणाऱ्यांसाठी आहे, मग ते सरकारी असोत वा खासगी. त्यांना दोनच वर्षे होती, ती जून 2019 मध्ये संपली. या मुदती कधी आल्या आणि कधी उलटून गेल्या, हे आपल्यापैकी बहुतेकांना कळलेही नाही. त्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणीला स्वतःच्या लग्नाची नोंदणी करायला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. अधिकारी खाली यायला तयार झाले नाहीत. तिने हे जाहीरपणे लिहिल्यावर हळहळ व्यक्त झाली, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी माफीही मागितली. पण बोलणे झाले ते मुख्यतः अधिकाऱ्यांच्या असंवेदनशीलतेबद्दल. त्या कार्यालयाला कायद्याने दिलेली मुदत संपून सव्वा वर्ष झाले होते, हा मुद्दा मागेच राहिला.

सुगम्यतेच्या, म्हणजे सगळ्यांना विनाअडथळा वापरता येण्याच्या, प्रश्नाची आपल्याकडची अडचण नेमकी इथे आहे. नियम नाहीत म्हणून काम अडलेले नाही, नियम भरपूर आहेत. मात्र ते पाळले नाहीत तर कुणाचे काय अडेल, याचे उत्तर तीस वर्षांत आपण नीट दिलेले नाही.

पहिला कायदा 1995 चा. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला आणि त्यात सात प्रकारची अपंगत्वे धरली होती. वाहतूक, रस्ते आणि इमारतींबद्दलची कलमे त्यात होती, पण प्रत्येक कलमात एक पळवाट होती: हे सगळे आपापल्या ‘आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ करायचे. एवढे शब्द हाती असल्यावर कोणती नगरपालिका स्वतःहून खर्च काढणार? जे मिळाले ते भांडून मिळाले. दिल्लीचे जावेद अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. विमानप्रवासातल्या अडचणींसाठी ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1998 मध्ये त्यांनी आदेश मिळवला. 2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी ऐतिहासिक वास्तूंमध्ये तात्पुरते लाकडी उतार बसवले गेले. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी जे चार दिवसांत जमते, ते इथल्या माणसांसाठी का जमत नाही, हा प्रश्न अपंगांच्या चळवळीने तेव्हा लावून धरला. तो आजही तसाच लागू आहे.

2006 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली आणि त्या कराराला साजेसा कायदा करायला आणखी नऊ वर्षे घेतली. 2016 चा हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मात्र खरोखर वेगळा आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सुगम्यतेच्या कलमांतून ‘आर्थिक कुवती’ची सवलत गेली, आणि सार्वजनिक इमारत कशाला म्हणायचे याची व्याख्या फार रुंद झाली. लोकांचा वावर असलेली कोणतीही इमारत, सरकारी असो वा खासगी, त्यात येते. शाळा, दवाखाना, न्यायालय, पोलीस ठाणे, एसटी स्टँड तर आलेच. दुकाने, कामाच्या जागा, धार्मिक आणि सांस्कृतिक स्थळेही आली. आपले नाट्यगृह, मंगल कार्यालय, गावातले देऊळ, मॉल, कोचिंग क्लासची दुसऱ्या मजल्यावरची खोली, सगळे या कायद्याच्या कक्षेत आहे. ट्रस्टींना आणि मालकांना हे ठाऊक असते का, हा वेगळा विषय.

आता प्रत्यक्ष जमिनीवर काय दिसते ते पाहू. रॅम्पचे गणित अगदी सोपे आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. रुंदी 1.8 मीटर, दोन्ही बाजूंना कठडे, आणि नऊ मीटरनंतर सपाट विसावा. आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयापुढे चार पायऱ्या आहेत, म्हणजे साधारण दोन फूट उंची. तिथला रॅम्प चोवीस फूट असायला हवा. तो आठ फुटांत संपवला आहे. कठडा एकाच बाजूला आहे. वर चकचकीत फरशी, जी पावसाळ्यात धडधाकट माणसालाही घसरवते. खालच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांच्या दुचाकी लावलेल्या. दोन माणसांनी जोर लावून खुर्ची वर नेलीच, तर वरच्या टोकाला ती वळवायला दीड मीटरचा चौरस लागतो, तो नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि खुर्चीलाच धडकते. दारानंतर दोन इंची उंबरठा. नियमात उंबरठा 12 मिलिमीटरच्या वर चालत नाही. या रॅम्पवरून चाकाच्या खुर्चीतला माणूस एकट्याने आत गेल्याचे मी पाहिलेले नाही. सामानाच्या ट्रॉल्या मात्र जातात. आणि तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प आहे काय?’ या रकान्यापुढे ‘होय’ लिहायला कुणालाच अडचण पडत नाही.

हा ‘होय’ हेच खरे दुखणे. सुगम्यता ही वस्तू बसवण्याची बाब नाही, ती साखळी आहे: रस्त्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्वच्छतागृहापर्यंत. एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या कड्यांवरचा खर्च वाया. स्वच्छतागृहाचीच गोष्ट घ्या. किमान दीड मीटर बाय पावणेदोन मीटर जागा, बाहेर उघडणारे 90 सेंटिमीटरचे दार, कमोडशेजारी धरायला दांड्या, एवढे असले तर खुर्चीवरून कमोडवर सरकता येते. कित्येक ठिकाणी ही खोली बांधलेली असते, दारावर चिन्हही असते, आणि आत जुन्या फायली, बादल्या, मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. बाहेर पडायचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या अपंग स्त्रिया आहेत. त्यांना या बंद दाराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पदपथावरची पिवळी उठावाची फरशी आता शहरात ओळखीची झाली आहे. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची. 1967 मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसवली गेली. लांब उभ्या रेषा म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे. पांढरी काठी आणि पायाचा तळवा या दोन गोष्टींनी ही लिपी वाचली जाते. आपल्याकडे ठेकेदार तिला शोभेची पट्टी समजतो. ती झाडाच्या बुंध्याशी नेऊन सोडलेली दिसते, चेंबरच्या झाकणाशी तुटते, विजेच्या डीपीवर जाऊन आदळते. ठिपके आणि रेषा कुठेही कशाही लावलेल्या. अशी फरशी नसलेली बरी, कारण अंध माणूस तिच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो.

मुंबईत दुचाकी पदपथावर चढू नयेत म्हणून पोलादी खांब रोवले गेले, तेही इतके जवळजवळ की व्हीलचेअर मधून जाईना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना ईमेल लिहिला आणि 2023 मध्ये न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोन खांबांमधले अंतर किती असावे, हे सांगायला उच्च न्यायालय लागावे का? महापालिकेच्या रस्ते विभागात एकाही अभियंत्याच्या टेबलावर मापांचे पुस्तक नव्हते, असे थोडेच आहे?

वाहतुकीचे चित्र संमिश्र आहे. नव्याने बांधलेल्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट, स्पर्शफरशी, ध्वनिसूचना, रुंद फाटके असतात. दिल्लीप्रमाणेच पुण्यात आणि मुंबईतही हे दिसते. मुळातच आराखड्यात धरले की ते होते, याचा हा पुरावा. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा आहे, पण त्या डब्यापर्यंत जायला पूल चढायचा आहे, आणि फलाट व डबा यांच्यातली फट ओलांडायची आहे. एसटीचे तर काय सांगावे! गावातल्या अपंग माणसाला प्रवासभाड्यात सवलत आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीच्या उंच पायऱ्यांवर त्याला चढवायला दोन माणसे लागतात. सवलतीचे कार्ड खिशात आणि माणूस घरात, अशी ही व्यवस्था झाली आहे.

इमारतीपेक्षा संकेतस्थळाचा प्रश्न कमी दिसतो, पण आज तो जास्त टोचतो, कारण सातबारा, दाखला, शिष्यवृत्ती, पेन्शन, परीक्षेचा अर्ज सगळेच पडद्यावर गेले आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना 2009 पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. त्यांचा पाया डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांचा. भारतीय मानक ब्यूरोने आयएस 17802 हे मानक केले आणि 2023 मध्ये ते केंद्रीय नियमांत घेतले गेले. निकष वाचले तर घाबरण्यासारखे काही नाही. चित्राला शब्दांत वर्णन हवे. माउस न वापरता फक्त कळफलकावर सगळे करता आले पाहिजे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक हवा. अर्जातल्या प्रत्येक चौकटीला नाव हवे. ध्वनिचित्रफितीला मजकूर हवा.

मराठीत मात्र यावर आणखी एक थर चढतो, आणि त्याबद्दल आपणच बोलले पाहिजे. अंध वाचक संगणकावर एनव्हीडीएसारखे मोफत स्क्रीन रीडर वापरतात, मोबाइलवर टॉकबॅक. ही साधने युनिकोडमधले मराठी वाचतात. पण जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात प्रत्येक देवनागरी खुणेच्या मागे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह दडलेले असते. डोळ्यांना ‘अधिसूचना’ दिसते, कानांना अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कडबोळे ऐकू येते. त्याहून वाईट म्हणजे सही-शिक्का मारून स्कॅन केलेले पत्रक. ते निव्वळ छायाचित्र असते. स्क्रीन रीडर त्यापुढे गप्प बसतो. 2017 च्या नियमांनी संकेतस्थळावरची कागदपत्रे ई-पब किंवा मजकूर ओळखता येईल अशा पीडीएफमध्ये द्यायला सांगितले होते. आजही कोणत्याही छोट्या नगरपरिषदेच्या सूचना उघडून पाहा, तिरकी स्कॅन केलेली पाने मिळतील. पान कोणत्या भाषेत आहे हे त्याच्या कोडमध्ये एका छोट्या खुणेने सांगायचे असते. ती खूणही अनेकदा चुकीची असते, आणि मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला लागतो. हे सगळे सुधारायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. टंकलेखन करणाऱ्याने मूळ फाइल थेट संकेतस्थळावर चढवली तरी अर्धे काम झाले.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल महत्त्वाचा आहे. बँकेत खाते उघडताना किंवा सिमकार्ड घेताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते. ॲसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा भाजलेल्या स्त्रीने काय करायचे? अंध माणसाने चेहरा चौकटीच्या मधोमध कसा आणायचा? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची प्रक्रिया सुगम करण्यासाठी वीस निर्देश दिले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाने आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी डिजिटल सुगम्यतेचे परिपत्रक काढले.

सेवांमध्ये जिथे नियामक ठाम राहिला, तिथे फरक पडलेला दिसतो. ब्रेल कळांची आणि बोलणारी एटीएम आली. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे आहेत, आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. कर्णबधिरांच्या वाट्याला मात्र सर्वांत कमी येते. रॅम्प दिसतो, दुभाषा दिसत नाही, म्हणून तो सुटतो. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला किंवा दवाखान्यात दुखणे सांगायला खुणांची भाषा जाणणारे माणूस किती ठिकाणी मिळते? चित्रपटगृहांत उपशीर्षके आणि ध्वनिवर्णन असावे यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. मराठी निर्मात्यांनी ती मनावर घेतली तर आपला मोठा प्रेक्षकवर्ग परत मिळेल.

आता मुळाशी येऊ. दृष्टिहीन असलेले राजीव रतुडी यांनी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2017 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने अकरा निर्देश दिले. पुढे ते किती पाळले गेले हे पाहण्याचे काम हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडे सोपवले गेले. त्या अहवालानंतर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने निर्णय दिला. 2017 च्या नियमांतला 15 वा नियम कायद्याशी विसंगत आहे, असे त्यांनी ठरवले. कारण साधे होते. कायदा म्हणतो, सक्तीचे नियम करा. नियमाने काय केले? निरनिराळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवले. त्या पुस्तिकांत ‘असावे’, ‘असणे इष्ट’ अशी भाषा. म्हणजे संसदेने जे बंधन घातले, ते नियम लिहिणाऱ्यांनी सल्ल्यावर आणून ठेवले. तीन महिन्यांत किमान सक्तीचे नियम वेगळे काढा, असा केंद्राला आदेश झाला.

त्या निकालात एक भेद फार स्वच्छ मांडला आहे. एखादा माणूस येऊन ‘मला अडचण आहे’ म्हणतो, मग आपण त्याच्यापुरती सोय करतो. ती वेगळी गोष्ट. सुगम्यता म्हणजे कुणी येण्याआधीच, कुणी मागण्याआधीच केलेली तजवीज. पहिलीत माणसाला विनंती करावी लागते, दुसरीत लागत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच चालते: ‘तुम्ही फोन करा, आम्ही माणसे पाठवतो, उचलून आणतील.’ मदत करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण उचलून नेले जाणे कुणालाही आवडत नाही, आणि ज्याला रोज जायचे आहे त्याला ते परवडतही नाही.

अंमलबजावणीची साधने कायद्यात आहेत. 44 वे कलम सांगते की नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला परवानगी द्यायची नाही, आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अडथळाविरहित बांधकामाची मापे छापलेली आहेत. 89 व्या कलमात दंड आहे: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. मोठ्या बिल्डरला दहा हजार म्हणजे काहीच नाही. पूर्णत्वाचा दाखला अडला तर मात्र त्याचे व्याज चालू राहते, फ्लॅटचे ताबे थांबतात, ग्राहक दारात उभे राहतात. माझे म्हणणे एवढेच आहे की सगळा भर या एका कागदावर द्यावा. सरकारी कामात तसेच शेवटचे बिल. दाखला देण्याआधी किंवा बिल काढण्याआधी व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, एक अंध आणि एक कर्णबधिर व्यक्ती त्या वास्तूत प्रत्यक्ष फिरली पाहिजे आणि त्यांची सही फाइलवर आली पाहिजे. रकान्यातल्या ‘होय’चा हाच उतारा आहे.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा रुजला, त्याचे एक मोठे कारण म्हणजे अडवणूक झालेला नागरिक स्वतः थेट न्यायालयात दावा लावू शकतो, आणि सार्वजनिक संस्था व व्यावसायिक त्याला घाबरतात. तिथे या दाव्यांचा धंदा झाल्याची तक्रार आहे, ती अगदीच खोटी नाही. आपल्याकडे तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. त्यांना समन्स काढता येते, सुनावणी घेता येते, पण शेवटी निघते ती शिफारस. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, शिफारस मान्य नसेल तर कारण कळवायचे. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला. त्या विभागाचे मोल तो किती निधी वाटतो यावर नव्हे, नगरविकास खात्याला किती दाखले रोखायला लावतो यावर ठरले पाहिजे. शेजारच्या गोव्याने जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरवला आणि अपंग व्यक्तींना समारंभाच्या मध्यभागी आणले. ते स्वागतार्ह आहे, पण उत्सवाची जागा आणि रोजची जागा यांत अंतर राहता कामा नये.

खर्चाचा आक्षेप नेहमी येतो. जुन्या इमारतीत लिफ्ट बसवणे महाग आहे, हे खरे. पण मग विवाह नोंदणी किंवा पेन्शनची खिडकी तळमजल्यावर आणायला किती खर्च येतो? नव्या इमारतीत दार तीन फुटांचे ठेवायला अडीच फुटांच्या दारापेक्षा किती जास्त लागतात? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. ती मोजणी अपंगत्वाच्या जुन्या, तोकड्या यादीने झालेली. त्यात गुडघे दुखणाऱ्या आज्या नाहीत, मोतीबिंदू झालेले आजोबा नाहीत, प्लास्टर घातलेला तरुण नाही.

मुंबई, ठाणे, पुण्यात आज गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. पुढची पन्नास वर्षे ज्या इमारतींत लोक राहणार, त्यांचे आराखडे आत्ता सोसायटीच्या सभांपुढे येत आहेत. तुमच्या सभेत बिल्डरचा आर्किटेक्ट नकाशा उघडेल तेव्हा त्याला विचारा: फाटकापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी आहे का, रॅम्प बारा फुटांना एक फूट आहे का, लिफ्टचे आणि स्वच्छतागृहाचे दार किती सेंटिमीटर आहे. उत्तरे करारनाम्यात लिहून घ्या, आणि मगच सही करा.